कड्यावरचं ताट

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

आलो, आणि येऊन पस्तावलो.

घोडेगाव सोडून डिंभ्याच्या धरणाच्या कडेनं जीप वळणं घ्यायला लागली तेव्हापासूनच पोटात ढवळत होतं. कल्पेश सारखा म्हणत होता, पप्पा, बाहेर बघा, काय सीन आहे. सीन बघून ओकारी थांबत नाही. दोनदा गाडी थांबवायला लावली. आहुप्याच्या बाजूला डांबर संपतं, पुढे पाऊलवाट, आणि मग आमच्या चिरंजीवांचं 'कॅम्पिंग'. गवताचा माळ, त्यावर सात तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर, पत्र्याचेच दोन संडास. त्यापुढे काही नाही. खरोखरच काही नाही, जमीनच संपते. खाली कोकण. कड्याच्या अलीकडे पिवळी नायलॉनची दोरी बांधलीय, तेवढाच आधार. मी दोरीच्या दहा पावलं अलीकडूनच परत फिरलो.

मुंबई-पुण्याचे लोक म्हणे हे बघायला येतात आणि या तंबूंत झोपतात. तंबूचं कापड चिमटीत धरून पाहिलं. हलकं नायलॉन, शिलाई कच्ची. असलं कापड मी गिऱ्हाइकापुढे टाकलंही नसतं. आतमध्ये ओल्या मोज्यांचा वास.

इथला मॅनेजर दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. दुसरा मिळेपर्यंत मी बसायचं. "नुसतं लक्ष ठेवायचं पप्पा, तुम्हालाही बदल होईल." दुकान बंद केल्यापासून घरातल्या सगळ्यांना माझ्या बदलाची काळजी लागलीय. दुकानाचं मला काही वाटत नाही. आता कापड घेऊन शिवतंय कोण? उलट धुळीतून सुटलो. दसऱ्यानंतर शटर कल्पेशनं ओढलं, कारण माझा खांदा दुखत होता.

ही डायरी विम्याच्या एजंटानं जानेवारीत दिली होती. कोरीच पडली होती. इथं बोलायला कुणी नाही म्हणून लिहितोय.

बुधवार, ८ नोव्हेंबर

संडास. याबद्दल लिहू नये, पण दुसरं काही सुचत नाही. पत्र्याच्या खोलीत घोंगावणाऱ्या माश्या, दाराला कडी नाही, कडीच्या जागी सुतळी. बादलीत बेडूक होता. मी काल दिवसभर पाणी कमी प्यायलो, म्हणजे जावं लागणार नाही.

सोमाजी म्हणजे या माळाचा मालक, कल्पेशनं जागा त्याच्याकडून भाड्यानं घेतलीय. तो पाणी, लाकूडफाटा, साफसफाई बघतो. साफसफाई म्हणजे काय हे त्याला एकदा नीट समजावून सांगावं लागेल. त्याची बायको साळुबाई स्वयंपाक करते. चुलीपुढे बसून तंबाखू मळते आणि त्याच हातानं भाकरी थापायला घेते. मी ओरडलो. तिनं हात धुतले, पण असं बघितलं की जणू मीच काहीतरी घाण बोललो.

नियम सांगून टाकले. माझ्या जेवणात कांदा-लसूण नाही. पाणी उकळून, गाळून. सूर्य मावळायच्या आत माझं जेवण उरकलं पाहिजे. सोमाजी म्हणाला, "शेठ, पावणं तर अंधार पडल्याबिगर जेवाया बसत न्हाईत." पाहुण्यांचं पाहुण्यांपाशी. आमच्यात तीन पिढ्या रात्रीचं कुणी खाल्लेलं नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

शनिवारी दोन जीप भरून लोक आले. बँकेत काम करतात म्हणे. मी असल्या लोकांपुढे उभा जन्म नोटा मोजायला उभा राहिलो आणि त्यांना साहेब म्हणत आलो.

शाकाहारी कॅम्प अशी पाटी आहे. पाटीखालीच अंड्यांची टरफलं सापडली. तंबूमागे कोंबडीची हाडं, त्यांना मुंग्या लागलेल्या. एक जण दोरीशी उभा राहून कड्यावरून खाली लघवी करत होता आणि बाकीचे हसत होते. बाटल्या तर सरळ खाली भिरकावल्या. फुटल्याचा आवाजसुद्धा येत नाही इतकं ते खोल आहे, त्याचीच त्यांना गंमत. सूर्यास्ताला सगळे कड्याशी जमले, ओरडले, टाळ्या वाजवल्या, जणू सूर्य त्यांच्यासाठी नाचायला आला होता.

पण सगळ्यात किळस आली ती आज सकाळी, ताटं बघून. अर्धी भाकरी, मूठभर भात, वाटीत तशीच उसळ, त्यात विझवलेली सिगारेट. आमच्या घरी जेवण झालं की ताटात पाणी घालून, ते फिरवून पितात, कण राहू देत नाहीत. माझ्या आईनं मला पहिलं काय शिकवलं असेल तर ते हे. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, हे कुणी खायचं? तो म्हणाला, "काका, पैसे दिलेत ना."

फोनची रेंज फक्त कड्यालगतच्या एका धोंड्याजवळ येते. तिथं जायचं माझं धैर्य नाही. सोमाजीला मोबाइल देऊन कल्पेशला निरोप सांगायला लावला की दुसरा मॅनेजर बघ. त्यानं सोमाजीकडूनच उत्तर पाठवलं, बघतोय.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज एक विचित्र गिऱ्हाईक आलं. बाई, आणि एकटी.

संध्याकाळच्या मुक्कामी एस.टी.ला सोमाजी किराणा उतरवून घ्यायला गेला होता. ती शेवटच्या थांब्याला उतरली आणि तिथंच उभी राहिली. यानं विचारलं, कॅम्पवर निघालात का? ती हो म्हणाली, आणि हा तिला घेऊन आला. शहाणा. नाव अंजना, गाव येडगाव, जुन्नर तालुका. वय तीस-बत्तीस. बरोबर एक कापडी पिशवी. या थंडीत स्वेटर नाही. आणि अंगावर काय, तर नारायणपेठ साडी. कोरी, घडीच्या रेषासुद्धा मोडलेल्या नाहीत, आज पहिल्यांदा नेसलेली. माझी नजर कापडाला चुकत नाही. अशी साडी नेसून जंगलात कोण येतं?

मी विचारलं, बरोबर कुणी येणार आहे का? "न्हाई. मी एकटीच हाय." मग तिनं विचारलं, कडा कुठंशी आहे. मी हात केला. खाली कुणी राहतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, खाली मुरबाड तालुका लागतो.

मला हे प्रकरण सरळ दिसत नाही. घरून पळून आली असणार आणि मागाहून तो कोण असेल तो येणार. उद्या पोलीस येतील आणि बदनामी आमची होईल. जेवली नाही. ताट तसंच परत आलं. साळुबाई म्हणाली, प्रवासानं दमली असंल.

बुधवार, १५ नोव्हेंबर

माझ्या आयुष्यात इतका उद्धट माणूस मी पाहिला नाही, आणि ती एक बाई निघाली.

सकाळपासून ती कड्याकडे तोंड करून बसलेली. मला वाटलं रेंजसाठी, पण हातात मोबाइलच नाही. वाट बघत असणार. दुपारी पाहतो तर साळुबाई एक चांगली सुती साडी अंगावर धरून बघतेय आणि हातात पाच-सहा नव्या बांगड्या. बाईनं पिशवीच देऊन टाकली म्हणे, मला आता नको म्हणून. मी साळुबाईला झापलं. पाहुण्यांकडून वस्तू घ्यायच्या नाहीत, उद्या चोरीचा आळ आला तर? ती म्हणाली, "मी काय मागाया गेले व्हते का? तिनंच माज्या हातात कोंबली." आणि साडी काही तिनं परत दिली नाही.

संध्याकाळी मी माझं जेवण उरकलं. बाईलाही लवकर वाढायला लावलं, म्हणजे एक कटकट संपेल. पिठलं, दोन भाकऱ्या, मुगाची उसळ. तिनं एक घास मोडला, तो ताटातच ठेवला आणि उठून चालू लागली. ताटावर माश्या बसायला लागल्या. माझं डोकं फिरलं. काल रात्री, आज सकाळी, दुपारी, आता ही चौथी वेळ. मी ते ताट उचललं आणि तिच्यामागे निघालो.

ती दोरीच्या पलीकडे उभी होती. चपला अलीकडे काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीनं. धोंड्यावर मनगटी घड्याळ काढून ठेवलं होतं, कुणीही उचलून न्यावं असं. पदर घट्ट खोचलेला. मी दोरीपाशी गेलो. एवढ्या जवळ मी पहिल्यांदाच गेलो, आणि खालून येणारा वारा तोंडावर आला. पण राग होता म्हणून उभा राहिलो.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

तिनं मागं वळून पाहिलं. मी कोण हेच तिला कळत नव्हतं असा चेहरा.

"ताटात घेतलं ते संपवायचं. नको होतं तर आधी सांगायचं. ती म्हातारी कंबर धरून चुलीपुढं बसली, ते काय माश्यांसाठी?"

"कुत्र्याला घाला," ती म्हणाली.

"कुत्र्याला काय घालायचं ते मी बघतो. हे तुमचं ताट आहे. धरा. माझे हात भरलेत, आणि सूर्य चाललाय."

ती हलेना. म्हणाली, तुमी जा. मी म्हटलं, ताट धरल्याशिवाय मी जाणार नाही, इथंच उभा राहतो. हात लांब करून दोरीवरून ताट पुढे धरलं. ताट एका बाजूला कललं, उसळ सांडायला लागली. तेव्हा तिचा चेहरा एकदम बदलला. माझ्यावर अशी ओरडली की तिकडे साळुबाईनं ऐकलं.

"तुमी कोण लागून गेलात मला सांगणारे? घरात खाया मिळत न्हाई म्हणून आले का मी हितं?"

दोरीखालून आली, माझ्या हातातून ताट हिसकावलं आणि तिथंच गवतात बसून खायला लागली. माझ्याकडे बघत, दात-ओठ खात, घासावर घास. पिठलं तिखट झालं असावं, कारण डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. सगळं संपवलं. मग ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "झालं? भरलं तुमचं पोट?"

मी म्हटलं, "आता घासून ठेवा."

माझ्या वयाचा, पांढऱ्या केसांचा काही मान नाही. अनवाणीच तरातरा मोरीकडे गेली. चपला मी कशाला उचलू, सोमाजीला पाठवलं. घड्याळ मात्र आणलं. चालू होतं, चांगल्या कंपनीचं. उद्या तिला या निष्काळजीपणाबद्दल बोलणार आहे.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीनं ती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. सकाळी मी डोळे मिटून सामायिकाला बसलो असताना मोरीवर भांड्यांच्या आदळआपटीचा आवाज. मन लागेना. उठून बघतो तर ही सगळी भांडी काढून घासत बसलेली, साळुबाईची सुती साडी मागून घेऊन नेसलेली. दिली वस्तू परत मागितली! मी घड्याळ दिलं आणि दोन शब्द ऐकवले. तिनं तीन ऐकवले. म्हणाली, कालच्या भांड्यांना राख नीट लागलेली नव्हती, तुमचं लक्ष कुठं असतं?

ते खरं होतं, पण तिनं सांगायची गरज नव्हती.

दुपारी चुलीवर कांदा भाजल्याचा वास. मी सांगितलेलं आहे की माझं होईपर्यंत कांदा चिरायचा नाही. ती म्हणाली, "तुमचं झालं की. आता माणसांना खाऊ द्या." साळुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. ती जेवली. ताट स्वच्छ. मी मुद्दाम बघितलं.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

अजून कुणी तिच्यामागे आलेलं नाही. बहुधा त्यानं फसवलं असणार. हल्ली असंच असतं.

आज तिनं संडास धुतले. सोमाजी इतके दिवस फक्त पाणी ओतायचा. हिनं खराटा आणि फिनेल घेतलं, नाकाला पदर बांधला आणि आतून सोमाजीला शिव्या दिल्या, मग कल्पेशला दिल्या, मग मला. मी बाहेर बादल्या देत उभा होतो. आतून जे निघालं ते लिहिणार नाही. मला कोरडी ओकारी आली तशी ती म्हणाली, "लांब व्हा बाबा, तुमचं काम न्हाई ते." बाबा म्हणाली. मी लांब झालो नाही. फार वेळ लागला. मग सोमाजीनं खरी कडी बसवली.

जेवणात भाकरी जाड होती. मी म्हटलं जाड आहे. ती म्हणाली, मग लाटणं घेऊन बसा.

रविवार, १९ नोव्हेंबर

पुन्हा शनिवार, पुन्हा तेच. या खेपेला मुंबईचे. एकानं तंबूतच ओकून ठेवलं. सकाळी तो तंबू उघडला तेव्हा सोमाजीही मागे सरला. मी आणि अंजनानं मिळून बिछाना बाहेर ओढला. त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं केलं तो धोंड्यापाशी उभा राहून फोनवर सांगत होता, निसर्गात आलं की मन कसं स्वच्छ होतं.

सकाळच्या न्याहरीला एकानं पोह्यांची बशी अर्धी टाकली. मी बघत होतो, पण बोलायचा कंटाळा आला होता. अंजना गेली. त्याच्यापुढे बशी सरकवली आणि म्हणाली, "घेतलं ते संपवा, भाऊ." तो हसला. ती हसली नाही, तिथंच उभी राहिली. त्यानं मुकाट्यानं संपवली. मी लांबून बघत होतो. बरं वाटलं हे लिहायला हरकत नाही.

ती संध्याकाळी मला म्हणाली, तुमी सारखं तोंड वाकडं करून बसता, घरी का जात न्हाई? मी म्हटलं, घरी काय आहे? दुकान गेलं. तिनं विचारलं, किती वर्षं व्हतं? मी तिला दुकानाचं सांगत बसलो. कुठलं कापड कुठून यायचं, लग्नसराईत कशी बसायला जागा नसायची. अंधार पडला तरी सांगतच होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. कुणाला इतकं सांगितल्याचं मला आठवत नाही. तिच्या घरचं मात्र मी विचारलं नाही. नको त्या भानगडी कळायच्या.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

दुपारी एक माणूस चालत आला. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. मला वाटलं, आला एकदाचा तो. त्यानं काही विचारायच्या आधीच मी पुढे होऊन म्हटलं, इथं कुणी बाई नाही. तेवढ्यात अंजना पाण्याची कळशी घेऊन मोरीकडून आली. तो माणूस तिला बघून मटकन खाली बसला. गवतातच. कळशी तिच्या हातून सुटली. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

तो तिचा भाऊ, भरत. साळुबाईनं त्याला चहा दिला. अंजना आत गेली तेव्हा तो माझ्याजवळ आला. कंडक्टर लोकांना विचारत विचारत इथवर पोचला होता. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला नवी साडी नेसलेली एकटी बाई आठवली. मी त्याला विचारणार होतो की घरात काय भांडण झालं. त्याआधी तोच म्हणाला,

"शेठ, ती गेल्यापासनं आमी विहिरी बघत व्हतो. येडगावच्या धरणात गळ टाकून बघितलं."

मला आधी समजलंच नाही. विहिरी का, असंही मी विचारलं. विचारलं!

मग त्यानं सांगितलं. तिचा मुलगा, सार्थक, नऊ वर्षांचा. उन्हाळ्यात तिनं त्याला पाण्याची मोटार बंद करायला पाठवलं. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. पोर जागेवर गेलं. घरात कुणी तिला शब्दानं दुखावलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. पण तिनं खाणं टाकलं, बोलणं टाकलं. आणि त्या मंगळवारी, भावानं दिवाळीला घेतलेली साडी नेसून, मंचरला जाऊन येते म्हणून निघाली.

भरत बोलत होता आणि माझ्यापुढे एकेक गोष्ट येत होती. जोडीनं काढलेल्या चपला, धोंड्यावरचं घड्याळ, देऊन टाकलेली पिशवी. खाली कुणी राहतं का असं तिनं विचारलं होतं, आणि मी तिला तालुक्याचं नाव सांगितलं होतं. ती दोरीच्या पलीकडे उभी होती आणि मी तिला माश्यांबद्दल बोलत होतो. निष्काळजी म्हणालो. पळून आलेली म्हणालो, इथं, या वहीत, माझ्या हातानं लिहिलंय. परत वाचलं. संडासाच्या वासानं आली नव्हती तेवढी शिसारी आज मला आली. माझीच.

मी भरतला यातलं काही सांगितलं नाही. तुमची बहीण इथं नीट जेवत होती, एवढंच म्हटलं. त्यावर तो माणूस रडायला लागला.

बुधवार, २२ नोव्हेंबर

ती गेली, सकाळच्या गाडीनं.

निघायच्या आधी मोरीवर शेवटची भांडी घासत होती. सोमाजी घासेल, राहू दे, असं मी म्हटलं. पहिल्यांदाच हळू बोललो असेन, कारण तिनं चमकून वर बघितलं.

"भरतनं सांगितलं व्हय तुमाला?"

मी मान हलवली.

"मग तुमीबी आता हळू बोलाया लागला."

ती राख लावून परात घासत राहिली आणि बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

"सार्थक गेला तसं घरात मोठ्यानं कुणी बोललंच न्हाई. सासूबाई हळू, हे हळू. ताट म्होरं ठेवायचे आन् न्हाई खाल्लं की गुपचूप उचलून न्यायचे. का पाठवलंस त्याला, असं एकानं तरी म्हणावं. न्हाई म्हणलं कुणी. मला वाटायचं, मी मेलीच हाय, ही नुसती मला सांभाळत्यात. आन् तुमी त्या दिवशी ताट घेऊन आलात. पिठल्यावरनं बोललात, माश्यांवरनं बोललात. लई राग आला बाबा मला तुमचा. इतका राग कितीक महिन्यांत आला नव्हता. वाटलं, ह्या माणसाला चार शब्द सुनावल्याबिगर जायाचं न्हाई."

"सुनावलेस की."

"एका दिवसात कुठं व्हतंय? रोज नवं काय तरी निघत व्हतं तुमचं."

ती हसली नाही. मीही नाही. परात धुऊन उपडी ठेवली. मी विचारलं, आता कुठं जाणार, माहेरी का? म्हणाली, घरी. हे एकटेच विहिरीवर जाऊन बसत्यात म्हणं, भरत सांगत व्हता. त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला पाहिजे कुणीतरी.

नारायणपेठ ती साळुबाईला देत होती. साळुबाईनं घेतली नाही. म्हणाली, बांगड्या दिल्यास तेवढ्या पुरं, ही नेसून पुन्यांदा ये. तशी ती पिशवीत घालून नेली. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले. मला नको वाटलं. मी काय केलं होतं? मी ताटाबद्दल बोललो होतो, दुसरं काहीही नाही. ती गेली असती तरी मी असाच लिहीत बसलो असतो की चपला इथं कुणी टाकल्या.

गाडी वळणाआड गेल्यावर सोमाजी म्हणाला, "शेठ, चला. थंडी हाय."

मग मी दोरीपर्यंत गेलो. मुद्दाम. दोरी धरून खाली बघितलं. थोडा वेळ उभा राहिलो.

रविवार, ३ डिसेंबर

दुसरा मॅनेजर मिळाला. कल्पेश त्याला जीपमध्ये घालून घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवला. नखं वाढलेली होती, आणि पाहुण्यांशी फार गोड बोलतो.

कल्पेश चिडला. त्याच्याकडे तक्रारी गेल्यात. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईनं त्याला फोन करून सांगितलं की तुमचे वडील कड्यावर क्षणभर एकटं उभं राहू देत नाहीत, जेवलात का म्हणून दहादा विचारतात, टाकलेलं अन्न पुन्हा पुढ्यात आणून ठेवतात. लोक इथं एकांतासाठी येतात पप्पा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, जेवून घ्या आणि मग करा एकांत. तो म्हणाला, आईलाही तुमची काळजी वाटते, घरी चला, दुकान आता मोबाइलवाल्याला दिलंय, तिकडे बघायचंही नाही, घरी आराम करायचा. मी नाही म्हटलं. त्यानं खूप वेळ समजावलं, मोठा आवाज केला. मी त्याला करू दिला. मग तो गेला.

आज तंबूत सहा जण आहेत. त्यांनी रात्रीपासून काय घाण केलीय ते उद्या सकाळी कळेलच, वासावरून थोडं आत्ताच कळतंय. त्यांच्यातला एक, चष्मेवाला, दुपारपासून कुणाशी बोलला नव्हता. सूर्य कलल्यावर बाकीचे पत्ते खेळत बसले आणि हा एकटाच कड्याकडे निघाला. मी मागोमाग गेलो. तो दोरीला टेकून उभा होता. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यानं आठ्या घालून विचारलं, काय पाहिजे, काका?

जेवलात का, मी विचारलं.

तो म्हणाला, मला एकट्याला जरा फोटो काढायचेत, प्लीज.

मी म्हटलं, काढा. मी इथं उभा आहे.

मूर्ख माणूस. एका सूर्याचे पन्नास फोटो काढत राहिला. वारा कानात शिरत होता आणि माझी मफलर तंबूत राहिली होती.